उतारावरचे साडू

सरकारी नोकरीत शिरलेला प्रत्येक माणूस वर चढायला बघतो. खाली यायच्या ध्यासाने पछाडलेला एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. वय चौपन्न, नकाशे काढणाऱ्या एका केंद्रीय खात्यात अधिकारी, चष्मा जाड, पोट बेताचं आणि डोक्यावर मोजून सांगता येतील एवढे केस. असा गृहस्थ चंदीगडमध्ये रविवारी सकाळी काय करतो? सुखना तलावाकाठी हात मागे बांधून एक चक्कर मारतो, येताना जिलेबी आणतो आणि दुपारी झोपतो. आमचे साडू त्या वेळी पिंजौरच्या पुढच्या जंगलात एका टेकडीच्या माथ्यावर सायकल घेऊन उभे असत. डोक्याला सबंध तोंड झाकणारं हेल्मेट, गुडघ्यांना आणि कोपरांना पॅड. तिथून ते झाडांमधून, दगडांवरून, स्वतः रचलेल्या मातीच्या उंचवट्यांवरून उडत, आपटत आणि पुन्हा उडत खाली येत. खाली मी चहाचा थर्मास घेऊन उभा असे. ते आले की हेल्मेट काढत, चष्मा पुसत आणि अगदी गंभीरपणे सांगत, "साडूभाऊ, आज जमीन जरा उशिरा आली."

हे वेड जन्मजात नव्हतं, एवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं. ते वर्धा जिल्ह्यातले. त्यांच्या गावात सगळ्यात उंच वस्तू म्हणजे पाण्याची टाकी, आणि तिच्यावरही त्यांना कुणी चढू दिलं नव्हतं. पन्नाशीच्या जवळ येईपर्यंत त्यांनी सायकल चालवली ती सपाटीवर, तीही कॅरिअरला दळणाचा डबा बांधून. मग चंदीगडला बदली झाली. मी इथे आधीपासून होतोच. दोन सख्ख्या बहिणी एका गावात आल्या म्हणून आमच्याकडे पुरणपोळीचा बेत झाला आणि जेवण झाल्यावर साडू आमच्या क्वार्टरच्या गच्चीवर शतपावलीला गेले, ते तासभर खाली आलेच नाहीत. वर जाऊन बघतो तर उत्तरेकडे तोंड करून उभे. हवा स्वच्छ होती, शिवालिकच्या टेकड्या हात लावावा इतक्या जवळ दिसत होत्या. "हे इथे कधीपासून आहे?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "आपल्या आधीपासून." त्यावर म्हणाले, "आणि तुम्ही इतकी वर्षं इथे राहून काय केलंत?" पुढच्याच महिन्यात मनीमाजऱ्याच्या एका गल्लीतल्या मुलाला कॅनडाचा व्हिसा मिळाला. या भागात व्हिसा लागला की घरातली मोटारसायकल, गिटार आणि कुत्रा या तिघांसाठी नवे मालक शोधायला सुरुवात होते; या मुलाकडे डोंगर उतरायची सायकल होती. साडू ती आणायला गेले. मुलाच्या आईने त्यांना लस्सी पाजली, नखशिखान्त न्याहाळलं आणि विचारलं, "भाई साब, बेटे के लिए ले रहे हो ना?" साडू म्हणाले, "हां जी." आयुष्यात आपण एवढंच खोटं बोललो, असं ते नंतर सांगत.

पहिलं वर्ष ते नुसते पडले. दुसऱ्या वर्षी त्यांनी खणायला घेतलं. पिंजौरच्या पुढे कालका रस्ता सोडून आत गेलं की ती टेकडी लागते. खैर आणि कीकरची, म्हणजे आपल्या बाभळीची, झाडी, खाली घाणेरीचं रान आणि दोन्ही अंगांना पावसाळ्यापुरते वाहणारे ओढे. तिच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत त्यांनी सहा वर्षांत एक वाट रचली. झाड एकही तोडलं नाही. झाड आडवं आलं की वाट वळवायची. वळणावर मातीची तिरकी भिंत, तिला ही सायकलवाली मंडळी बर्म म्हणतात. मधे मधे उडी मारायला उंचवटे, आणि प्रत्येक उंचवट्यापुढे उतरायला तितक्याच मायेने बांधलेला उतार. कुदळ, फावडं, घमेलं, माती ठोकायला धुम्मस आणि एका गवंड्याकडून मागून आणलेली, पातळी बघायची पाणसळ एवढा त्यांचा संसार. नकाशाखात्यातला माणूस, मोजल्याशिवाय ढेकूळ हलवायचा नाही. 'वाट देखभाल नोंदवही' या नावाचं एक रजिस्टर होतं आणि त्यात प्रत्येक उंचवट्याची लांबी, उंची, उतार, दुरुस्ती आणि शेवटच्या रकान्यात शेरा. उड्यांची नावं सगळी आमच्या सेवाशर्तींतली. सगळ्यात लहान उडी 'किरकोळ रजा', त्याहून लांब ती 'अर्जित रजा', आणि जिथे माणूस हवेत लोंबकळत राहतो नि खाली काय वाढून ठेवलंय ते कळत नाही, ते 'निलंबन'. कीकरांमधून सात वळणं घेत जाणारा पट्टा म्हणजे 'खातेनिहाय चौकशी', कारण आत शिरलेला माणूस बाहेर कधी येईल हे सांगता येत नसे. पायथ्याशी त्यांनी हिंदीत पाटी लावली होती, 'गीली मिट्टी पर साइकिल चलाना मना है। आज्ञा से।' कुणाच्या आज्ञेने, असं मी विचारलं तर म्हणाले, "मातीच्या."

आणि हे काही चोरून चाललेलं नव्हतं. जंगल ज्यांच्या अखत्यारीत होतं त्या कार्यालयाला त्यांनी नाव, पत्ता, हुद्दा लिहून, नकाशा जोडून सात वेळा परवानगीचा अर्ज केला होता. सातांपैकी एकाचंही उत्तर आलं नाही. उत्तर नाही म्हणजे हरकत नाही, असा त्यांनी सोयीचा अर्थ लावला. तिथला गार्ड पिंजौरचाच होता, तो आधी काठी घेऊन आला आणि मग हळूहळू चहा प्यायला येऊ लागला. एकदा वरपासून खालपर्यंत चालत येऊन म्हणाला, "साहब जी, आपने तो पहाड़ी को कंघी कर दी." साडूंना बढतीचं पत्र आलं तेव्हाही मी त्यांचा चेहरा इतका फुललेला पाहिला नव्हता.

घरी या सगळ्याचा जाच ताईला. ताई म्हणजे माझी मेहुणी. बायको तिला ताई म्हणते म्हणून मीही म्हणतो. सायकल बाहेरच्या खोलीत सोफ्याच्या जागी उभी आणि पाहुणा स्टुलावर. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत साडू आरतीला टाळ घेऊन उभे राहिले की त्यांच्या दोन्ही कोपरांवरची सोललेली कातडी सगळ्या मंडळाला दिसे. एका बाईंनी तर ताईला खांबाआड घेऊन विचारलं, "तुझा हात फार जड आहे का गं?" लग्नाला गेले तर नवरी बघायची सोडून हे हॉलच्या दारातला चाकाच्या खुर्चीसाठी केलेला उतार बघत, बुटाच्या टाचेने दाबून बघत आणि नापसंतीने मान हलवत. चंदीगडचं सगळे कौतुक करतात, रुंद रस्ते, गोल चौक, झाडी. साडूंचं मत एका वाक्यात होतं. "शहर चांगलं आहे, पण टेबलावर मांडल्यासारखं आहे." त्यांचा मुलगा मराठी समजतो, उत्तर हिंदीत देतो. तो एकदा वैतागून म्हणाला, "पापा यार, आप बाकी पापा लोगों जैसे क्यों नहीं हो?" साडूंनी शांतपणे विचारलं, "बाकीचे पापा लोक कधी हवेत गेलेत का?"

त्या वाटेवर ते एकटे नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे, कारण पुढे माझ्या हातून जे घडलं त्यात त्यांचं एकट्याचं गेलं नाही. मोहालीत आयटीत काम करणारी सात-आठ पोरं दर रविवारी यायची, काही मराठी, काही पंजाबी. मराठी मुलं त्यांना काका म्हणत आणि पंजाबी अंकल जी. झिरकपूरला राहणारी सांगलीची एक मुलगी होती. झिरकपूरचा ट्रॅफिक तुंबण्याआधी निघायचं म्हणून ती सगळ्यांच्या आधी येऊन बसायची. पहिल्या दिवशी ती 'निलंबना'च्या तोंडाशी येऊन थांबली, ती अर्धा तास थांबूनच राहिली. पोरं खालून ओरडत होती, "कुछ नहीं होता, आजा!" साडू वर गेले, तिच्या शेजारी दगडावर बसले, खिशातून पेरू काढला आणि सावकाश खाल्ला. मग म्हणाले, "बाळ, चाकाकडे बघितलंस की चाकच दिसेल. जिथे उतरायचंय तिथे बघ." तिने उडी मारली, नीट उतरली, आणि खाली येऊन माझ्यासमोर ढसाढसा रडली. "काका, किती महिन्यांनी आज मला ऑफिस आठवलं नाही," असं ती साडूंना म्हणाली. मी थर्मासचं झाकण लावत होतो. मला ते सगळं जरा अतिच वाटलं होतं, हे आज लिहून टाकतो.

दोन वर्षांपूर्वी ते आपटले आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. डॉक्टर ओळखीचे होते, ते म्हणाले, "जिन्यावरून पडले असं लिहू का? ऑफिसात बरं दिसेल." साडूंनी नको म्हटलं आणि रजेच्या अर्जात कारणाच्या जागी स्वच्छ अक्षरांत लिहिलं, 'उडी मारली असता जमीन अपेक्षेपेक्षा लवकर आल्यामुळे.' तो अर्ज मंजूर झाला. पण ताई त्या महिन्यात दहा वर्षांनी म्हातारी झाली. हात गळ्यात बांधलेला नवरा खुर्चीत बसून डाव्या हाताने नोंदवहीत पावसाने वाहून गेलेल्या मातीची दुरुस्ती लिहितोय, हे बघत ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची. विचारलं तर म्हणायची, "ह्यांना आनंद वाटतो ना, मग झालं."

आता कडू भाग. आमचे सासरे नागपूरला एकटे राहतात. ऐंशी ओलांडलेले, न्हाणीघरात दोनदा पडलेले, आणि मुली दोनच, त्याही दोघी चंदीगडला. दोन जावयांपैकी एकाने नागपूरला बदली घ्यायची हे सगळ्यांना कळत होतं. माझ्या खात्याचंही नागपूरला कार्यालय आहे. एक साधा अर्ज केला असता तर मला सहा महिन्यांत पाठवलं असतं. मी केला नाही. मुलीची बारावी आहे, असं मी सांगत असे, आणि मुलगी बारावी होऊन कॉलेजात गेली तेव्हा तिचं कॉलेज आहे असं सांगू लागलो. खरं कारण एवढंच की मला इथे सुखाची सवय झाली होती. दारात गुलमोहर, दहा मिनिटांवर ऑफिस, आणि सासऱ्यांच्या उशाशी आपण नाही याची सबब म्हणून तेराशे किलोमीटरचं अंतर. तेवढ्यात साडूंना तिसऱ्यांदा बढती देऊ केली गेली. आधीच्या दोन त्यांनी नाकारल्या होत्या. बढती नाकारली की वर्षभर पुन्हा विचारत नाहीत, हा नियम इतरांना शिक्षा वाटतो, त्यांना तो वरदान वाटे. पण या वेळच्या पत्रात ठिकाण होतं नागपूर, आणि होकार-नकार महिन्याभरात कळवायचा होता.

आमच्या घरात कुणी कुणाला सरळ काही सांगत नाही. सरळ सांगणं म्हणजे उद्धटपणा, आणि मागणं म्हणजे लाचारी. ताई म्हणाली, "ह्यांना जसं योग्य वाटेल तसं." माझी बायको मला म्हणाली, "ताईच्या जिवाला किती लागलंय बघा, पण ती मेली तरी बोलायची नाही." सासरे फोनवर म्हणाले, "तुम्ही आपापल्या नोकऱ्या सांभाळा, माझं काय, आज आहे उद्या नाही." यातल्या प्रत्येक वाक्याचा अर्थ 'नागपूरला या' असा होता, आणि तो आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही कळला असता. साडू नकाशातले, जे कागदावर नाही ते त्यांच्या लेखी जमिनीवरही नाही. त्यांनी ताईचं आणि सासऱ्यांचं बोलणं अक्षरशः खरं मानलं आणि रविवारी फावडं घेऊन जंगलात गेले. मला म्हणाले, "सगळ्यांनी किती समजून घेतलं, नाही? मला वाटलं होतं, आग्रह करतील." मी तेव्हा एक वाक्य बोलायला तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं, ते आता विचारून उपयोग नाही.

तोंड न उघडता मी अर्ज लिहिला. माणसाला जी कला येते तिच्यानेच तो वाईट काम करतो. आस्थापना शाखेत पंचवीस वर्षं टिपणं लिहून माझा मसुदा सगळ्या इमारतीत नावाजलेला आहे. मोठे साहेबसुद्धा माझ्या कागदावर लाल शाई वापरत नाहीत. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत, डबा बाजूला सारून मी वनाधिकाऱ्यांच्या नावाने दीड पानी हिंदी अर्ज टाइप केला. अनधिकृत खोदकाम, वन्यजीवांना उपद्रव, जमिनीची धूप, जीवितास धोका. रविवारी थर्मास भरून नेताना साडूंची नोंदवही माझ्याच पिशवीत असे. तिच्यातून मी प्रत्येक उंचवट्याचं माप उतरवून घेतलं आणि परिशिष्ट जोडलं. खाली सही केली, 'एक जागरूक नागरिक'. निनावी अर्जावर कार्यवाही करू नये असं परिपत्रक आहे, आणि त्याच्या आधाराने मी स्वतः असे शेकडो अर्ज दप्तरी दाखल केले आहेत. माझा हिशेब असा होता की फार तर एक नोटीस येईल, गार्ड दोन महिने काठी दाखवेल, साडूंचं मन उडेल आणि ते होकार कळवतील. सरकारी माणसाचा हा जगावेगळा विश्वास, की कागद पुढे सरकतच नाही. साडूंचे सात अर्ज, नाव-गाव-नकाशासकट, कुठे सरकले होते?

अर्ज टाकल्याच्या अठराव्या दिवशी सकाळी अकराला गार्डचा साडूंना फोन आला, "साहब जी, मशीन आ गई है. आप आ जाओ." साडूंनी आधी अर्ध्या दिवसाच्या रजेचा फॉर्म भरला, सही घेतली आणि मग मला फोन केला. आम्ही माझ्या गाडीतून गेलो. खोदकामाचं पिवळं मशीन 'खातेनिहाय चौकशी' संपवून 'निलंबना'पाशी पोहोचलं होतं. सहा वर्षांचं काम ते दोन दोन फटक्यांत सपाट करत होतं. मला वाटलं साडू ओरडतील, मशीनसमोर आडवे होतील. त्यांनी पुढे जाऊन चालकाला हाताने थांबवलं आणि म्हणाले, "भाई साब, ऐसे नहीं. ऐसे करोगे तो बारिश में सारी मिट्टी नाले में जाएगी. उधर से भरो, और पानी को इधर रास्ता दो." चालकाने गार्डकडे बघितलं, गार्डने मान खाली घातली. पुढचे दोन तास आमचे साडू, ऑफिसच्या बुशशर्टात, मशीनच्या बाजूने चालत स्वतःची वाट कशी नीट मोडायची ते सांगत होते. मोडलेला उतार पावसात वाहून जाऊ नये म्हणून त्यांनी पाण्याला आडव्या दोन चऱ्यासुद्धा काढून घेतल्या. सांगलीची मुलगी ऑफिस सोडून आली होती. ती त्यांना काका, काका म्हणत राहिली, आणि ते तिला म्हणाले, "बाळ, तू उन्हात उभी राहू नकोस."

काम संपल्यावर गार्डने खिशातून अर्जाची प्रत काढून त्यांच्या हातात दिली. साडूंनी चष्मा पुसला आणि दगडावर बसून दीड पान शेवटपर्यंत वाचलं, मग परिशिष्ट वाचलं. मी गाडीच्या किल्ल्या हातात घेऊन उभा होतो. "मसुदा उत्तम आहे," ते म्हणाले. "एक शब्द जास्तीचा नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "आणि मापं अगदी बरोबर दिली आहेत. इंचाची चूक नाही." त्यांनी कागदाची नीट चौघडी केली, खिशात ठेवली आणि मला म्हणाले, "चला, साडूभाऊ. तुमची ताई वाट बघत असेल." परतीच्या रस्त्यावर त्यांनी खिडकीतून बाहेर बघत पिंजौरच्या बाजारातल्या आंब्यांची चौकशी केली. मी भाव माहीत नाही म्हटलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी बढतीला होकार कळवला. मग आमच्या घरात जो आनंद झाला त्याची मला आजही किळस येते. ताईने पेढे वाटले. सासरे फोनवर म्हणाले, "मी कुणाला या म्हटलं नव्हतं हं, पण आलात तर बरंच होईल." माझ्या बायकोने एकांतात माझा हात धरून म्हटलं, "देवानेच मार्ग काढला बघा." देवाच्या नावावर आणखी किती मसुदे खपले असतील कोण जाणे. मंडळाने निरोप समारंभ केला, त्यात एका वक्त्याने साडूंना 'उत्तुंग व्यक्तिमत्त्व' म्हटलं. साडूंनी उत्तराच्या भाषणात सगळ्यांचे आभार मानले, वाटेचा उल्लेख केला नाही आणि खाली बसले. सायकल त्यांनी सांगलीच्या मुलीला देऊन टाकली. सायकल घेऊन ती कुठे जाते, मी विचारलं नाही.

मागच्या हिवाळ्यात मी नागपूरला गेलो. सासऱ्यांची तब्येत सुधारली होती. साडू त्यांना रोज संध्याकाळी हाताला धरून सोसायटीच्या अंगणात फिरवतात, न्हाणीघरात धरायला लोखंडी दांडा बसवला आहे, तोही पाणसळ लावून. कोपरांना खरचटलेलं काही नाही, बाहेरच्या खोलीत सोफा आहे, मी त्यावर बसलो. साडूंचं वजन वाढलं होतं. ऑफिसातून आले की ते पेपर घेत आणि तो वाचत. ताईने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाली, "भाऊजी, तुम्ही ह्यांना जरा सांगा ना. सायकल घ्या म्हणावं एखादी. सकाळी उठतात आणि नुसते बसून राहतात. माझ्याशी हसतात, बोलतात, सगळं करतात. पण हे पूर्वीसारखे नाहीत हो." तिचे डोळे भरले होते. मी म्हटलं, "तूच सांग ना, ताई." ती म्हणाली, "मी कसं सांगू? मलाच तर हे हवं होतं."

निघायच्या दिवशी साडू मला स्कूटरवरून स्टेशनला सोडायला निघाले. वाटेत एक लांब उड्डाणपूल लागतो. त्या रस्त्यावर उतार असा तेवढाच. पुलाचा माथा आला आणि मागे बसलेल्या मला जाणवलं की साडू सीटवरून किंचित उठले आहेत. गुडघे वाकवलेले, कोपर बाहेर काढलेले, नजर लांब खाली, जिथे पूल संपतो तिथे. सगळं मिळून दहा-बारा सेकंद असतील. बाजूने जाणाऱ्या रिक्षावाल्याने त्यांच्याकडे वळून बघितलं. खाली सिग्नल लाल होता. ते पुन्हा सीटवर बसले आणि गाडी थांबवली. मी त्यांच्या पाठीकडे बघत म्हणालो, "तो अर्ज मी लिहिला होता." यापुढचं माझं पुष्कळ तयार होतं. सासऱ्यांचं वय, ताईची काळजी, परिपत्रक, सगळं. त्यातलं काही बोलावं लागलं नाही.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. मागे वळले नाहीत, आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "तुम्ही नुसतं म्हणाला असतात ना, की मला जमत नाही, तुम्ही जा नागपूरला, तर मी गेलो असतो हो. त्यात काय होतं एवढं." त्यांनी सिग्नलकडे बघितलं. "मी आलोच असतो. वाट तरी राहिली असती त्या पोरांना."

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीने हॉर्न दिला आणि साडूंनी स्कूटर पुढे काढली. माझा एक हात पुलावर असल्यापासून त्यांच्या खांद्यावर होता. तो तिथेच ठेवावा की काढून घ्यावा, हे स्टेशन येईपर्यंत मला ठरवता आलं नाही.